सुट्टीतला धोंड्याचा महिना

या वर्षी, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ म्हणजे धोंड्याचा महिना १७ मे रोजी सुरू होतो आणि १५ जून रोजी संपतो. नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली त्याच दिवशी मी ही दोन पाने उलटून पाहिली आणि आईला फोन करून सांगितले की यंदा धोंडे सुट्टीत आले आहेत. आईला ते आधीच ठाऊक होते. गेल्या वेळी पंगतीला कोण कोण होते ते तिने मनाशी मोजून ठेवले होते. त्यांपैकी कोण आता नाही आणि कोण नव्याने घरात आले आहे, तेही.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे असल्यामुळे दर वर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि तो मिटवण्यासाठी ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश, येत नाही, तो अधिक महिना. त्यामुळे तो प्रत्येक वेळी वेगळ्या ऋतूत येतो. २०२० मध्ये आश्विन अधिक होता, २०२३ मध्ये श्रावण. ज्येष्ठ अधिक होऊन जवळजवळ सगळा महिना शाळेच्या उन्हाळी सुट्टीत सापडण्याचा योग मात्र १९९९, २००७ आणि २०१८ नंतर आता येतो आहे.

एरवी आमच्याकडे मे महिना लग्नांचा असतो. माझे माहेर लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात आहे, सासर जालन्याचे आणि आमचा संसार छत्रपती संभाजीनगरात. तिन्हीकडची भावकी धरली तर एका सुट्टीत सात-आठ पत्रिका येतात आणि भर दुपारच्या मुहूर्तावर अक्षता टाकून परत फिरण्यात निम्मा महिना निघून जातो. माणसे भेटतात, पण मांडवात, उभ्या उभ्या, पंख्याखालची जागा शोधत. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणजे शाळांना सुट्टी, लग्ने बंद, आणि मृग अजून लागायचा असल्यामुळे शेतात पेरणी नाही, असे तिहेरी मोकळेपण केवळ अधिक ज्येष्ठातच मिळते. सगळे कुटुंब एका छताखाली चार दिवस राहू शकेल असा याच्याइतका चांगला काळ मला दुसरा दिसत नाही, आणि म्हणूनच तो वाया जाऊ देऊ नये असे मला मनापासून वाटते.

हे वाटण्याला २०१६ चा उन्हाळा कारणीभूत आहे. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिलपासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. शहराची बातमी देशभर झाली. आसपासची गावे टँकरची वाट पाहत बसली होती. आमच्या गावात टँकर आला की विहिरीत ओतायचा आणि मग सगळ्या गावाने ती विहीर शेंदायची, अशी पद्धत होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. "यंदा लेकरं घेऊन येऊ नको बाई, पाण्याचं लई अवघड झालंय." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला माहेरी येऊ नको असे सांगितले गेले होते आणि सांगणारी आई होती. ती पुढे काही बोलली नाही. मीही फोन ठेवून दिला आणि मुलांना सांगितले की आजीकडे रस्त्याचे काम चालू आहे. त्या सुट्टीत माझ्या दोन्ही बहिणींनाही असाच फोन गेला होता, हे आम्हाला एकमेकींकडून दिवाळीत कळले.

त्याच उन्हाळ्यात बांधावरचे शेप्या आंब्याचे झाड वाळले. त्याचे फळ लहान, धागा भरपूर, पण रसाला बडीशेपेसारखा वास येई. माझे वडील अण्णा, त्यांच्या वडिलांच्या वेळचे ते झाड होते. आदल्या वर्षीच्या चार कोयी अण्णांनी मातीच्या फुटक्या मडक्यांत लावून ठेवल्या होत्या. त्यांतले एकच रोप जगले आणि ते त्यांनी मोरीच्या सांडपाण्यावर जगवले. आईला प्यायला पाणी मोजून घ्यावे लागत होते त्या दिवसांत अण्णा तांब्याभर खरकटे पाणी रोपाला घालत आणि आई त्यांना काही म्हणत नसे.

म्हणून २०१८ मध्ये १६ मे ते १३ जून असा अधिक ज्येष्ठ आला, तेव्हा अण्णांनी तीनही जावयांना स्वतः फोन केले. एरवी असे निरोप भाऊ देतो. विहिरीला पाणी होते. आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे पोहोचलो; मोठी माणसे आणि मुले धरून तेवीस जण.

मराठवाड्यातला मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगितले पाहिजे की इथे सुट्टीचा दिवस एकसंध नसतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा काळ दिवसातून वजा करावा लागतो. जे काही करायचे ते त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. पहाटे चार वाजता घर जागे होते. गव्हाचा चीक शिजतो, मुले डोळे चोळत वाटीत गरम चीक आणि साखर घेऊन बसतात आणि ऊन चढण्याच्या आत माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, साड्यांवर कुरडयांच्या ओळी पडलेल्या असतात. दुपारी दारे लावून, मातीच्या भिंतींच्या आत, सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, येणाऱ्या उजेडाच्या एका कवडशाभोवती पत्ते आणि काचकवड्या चालतात. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडले की तापलेल्या मातीचा वास उठतो. अंगातली उष्णता निघून जायला माळवदाला दोन तास लागतात आणि मग वाकळा अंथरल्या जातात. तेवीस माणसे ओळीने झोपलेली, आणि कोणीतरी धाकटे मूल सप्तर्षी मोजता मोजता मध्येच थांबलेले, हे चित्र मला कोणत्याही पर्यटनस्थळी दिसलेले नाही.

आता अनारशांविषयी. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे आणि दिवा असे वाण देतात. जाळीदार पदार्थच द्यायचा अशी प्रथा असल्यामुळे अनारसे, आणि ते नसतील तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक. तीन जावई म्हणजे नव्व्याण्णव अनारसे, शिवाय मुलांच्या तोंडचे वेगळे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचे, असे सांगितले जाते. पण मे महिन्यात रोज एकदा बदलून भागत नाही, दोन वेळा बदलावे लागते, नाहीतर तांदळाला आंबूस वास येतो. चौथ्या दिवशी ते निथळून सावलीत सुती कापडावर पसरायचे. इथेच उन्हाळ्याची खरी कसोटी असते, कारण आपल्याकडे सावलीतही तांदूळ तासाभरात खडखडीत वाळतो आणि अनारशाला दमट तांदूळच लागतो. आई दर दहा मिनिटांनी मूठभर तांदूळ हातात घेऊन दाबून पाही. मूठ उघडल्यावर दाणे तळव्याला चिकटले पाहिजेत पण ओल दिसता कामा नये, त्या क्षणी ते कुटायला घ्यायचे. मग वस्त्रगाळ पीठ, त्यात किसलेला गूळ, घट्ट गोळे, आणि चार-पाच दिवसांची विश्रांती.

तळण पहाटे साडेतीनला सुरू झाले. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर राहील असा तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचे तूप वर उडवत राहायचे. गूळ थोडा जास्त झाला किंवा तूप जरा नरम राहिले की अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळल्यासारखा पसरतो आणि झाऱ्यावर येतच नाही. त्या पहाटे पहिले तीन हसले. आईने काही न बोलता पिठाच्या उरलेल्या गोळ्यात दोन चिमटी कोरडे तांदळाचे पीठ मिसळले, चुलीत एक लाकूड सरकवले आणि चौथा सोडला. तो कडेने आधी थरथरला, मग मधोमध बारीक बारीक छिद्रे उघडत गेली आणि त्यांतून तूप उसळ्या घेऊ लागले. आईच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आलेला होता. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वहिनीने पदराने तो टिपला.

त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिलेच पाहिजे. या सणाचा आनंद सगळे घर घेते आणि विस्तवाशी दोन बायका बसतात. पुढच्या दोन दिवसांत आम्ही बहिणींनी कामाची वाटणी मागून घेतली आणि पुरुषांना पुरण वाटायला बसवले. माझ्या यजमानांनी जन्मात पहिल्यांदा पाटा-वरवंटा धरला. जावयाने आपल्याच धोंड्यांचे पुरण वाटू नये, असे आत्या म्हणाली, पण अण्णा म्हणाले, "वाटू द्या त्यांना. दोन घास जास्त खातील." त्यावर कोणी काही बोलले नाही.

धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून लांबट वळलेले आणि वाफवलेले. काही घरी तळतातही. वाफेचे धोंडे मोडून त्यावर साजूक तुपाची धार सोडायची. मे महिना असल्यामुळे सोबत आमरस होता, नव्या कुरडया होत्या. रस अण्णा स्वतः पिळत. आंबे आढीतून काढून सकाळपासून पाण्यात टाकलेले, मग एकेक माचवून, देठाकडचा पहिला चीक बाजूला काढून, मोठ्या पातेल्यावर. शेप्याचे झाड गेल्यामुळे त्या वर्षी आंबे बाजारचे होते, केशर. मराठवाड्याच्या केशराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि रस सुरेख होतो यात शंका नाही. अण्णांनी तो वाटीत घेतला, चाखला, "चांगला आहे" म्हणाले, आणि त्यात चिमूटभर बडीशेप कुटून टाकायला सांगितली.

सहलीसाठी आम्ही पुरुषोत्तमपुरी निवडली. अधिक महिन्याला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठी, पुरुषोत्तमाचे जुने मंदिर आहे. तिथे अधिकात महिनाभर यात्रा असते. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा ताम्रपट याच गावी सापडला. माझ्या भाच्याला इतिहासाच्या पुस्तकात यादव होते, पण ते आपल्या जिल्ह्याशेजारी येऊन गेले होते हे त्याला खरे वाटत नव्हते.

पहाटे अडीचला दोन गाड्या निघाल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, काकड्या, आणि पन्ह्याचा एक डबा. अंबाजोगाई, धारूर, तेलगाव असे करत उजाडता उजाडता आम्ही पोहोचलो. गोदावरीच्या पात्रात पाणी बेताचे होते, पण होते. दोन वर्षांपूर्वी पाणी हा शब्द घरात हळू आवाजात उच्चारला जाई, आणि आता माझी मुले गुडघाभर पाण्यात उभी राहून एकमेकांच्या अंगावर ओंजळी उडवत होती. आई काठावर उभी होती. "नासू नका रे पाणी," असे ती सवयीने म्हणाली आणि मग स्वतःच पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिली. दर्शनाची रांग लांब होती. वाणाचे धोंडे, दिवे, फुले घेऊन आलेल्या लेकी आणि त्यांच्या आया. बहुतेकींच्या कडेवर किंवा हाताशी सुट्टी लागलेले एखादे मूल.

चूक परतीच्या वाटेवर झाली आणि ती आमचीच होती. आठला निघायचे ठरले होते. खेळण्यांच्या दुकानांत आणि फोटोंत नऊ वाजून गेले. अंबाजोगाईला हत्तीखाना नावाच्या लेण्याजवळ थांबेपर्यंत अकरा झाले. मुलांनी प्रांगणातल्या दगडी हत्तींवर तळवे टेकवले आणि चटकन मागे घेतले, इतका दगड तापला होता. लेण्याच्या आत मात्र खांबांच्या ओळींमागे जमीन अजून गार होती आणि मुले तिथेच पालथी पडली. तेवढ्यात धाकट्या भाच्याचा घोळणा फुटला. शर्टावर रक्त पाहून तो घाबरला आणि त्याला पाहून बाकीची मुले. कोणीतरी त्याचे डोके मागे करायला निघाले होते. ते करू नये, रक्त घशात उतरते. त्याला पुढे वाकवून बसवले, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरून ठेवला, डोक्यावर ओला पंचा ठेवला, आणि रक्त थांबले. आत्याचे घर अंबाजोगाईतच असल्यामुळे उरलेली दुपार तिच्याकडे काढली आणि ऊन कलल्यावर निघालो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी त्या दिवशी राहिली ती राहिलीच. त्यानंतर मी स्वतःला नियम घालून घेतला आहे की मुले सोबत असतील तर दहाच्या आत छत गाठायचे, मग दर्शन अर्धे राहिले तरी चालेल. वेरूळला पाहुणे नेतानाही मी हाच नियम पाळते: सूर्योदयाला फाटकापाशी, मंगळवार टाळून, आधी कैलास आणि मग आतली गार लेणी. संध्याकाळी पाणचक्की, कारण तिथल्या हौदाच्या काठाशी बसल्यावर आईसुद्धा घरी परतायची घाई करत नाही.

एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही. जावयाला धोंडे आणि अनारसे देण्याच्या प्रथेला अलीकडे चांदीचे ताट, सोन्याची अंगठी, कधी दुचाकीची रक्कम, अशी शेपटे फुटली आहेत. अधिक ज्येष्ठ नेमका पेरणीच्या तोंडावर येतो. त्याच पंधरवड्यात शेतकऱ्याला सोयाबीनचे बियाणे आणि खत घ्यायचे असते आणि हातात पैसा सर्वांत कमी असतो. माझ्या ओळखीच्या एका घरी लेकीच्या सासरी मान राहावा म्हणून बियाण्याच्या पैशांतून चांदी घेतली गेली आणि पेरणी उसनवारीवर झाली. त्या लेकीला ते नंतर कळले, आणि ते ताट ती आजही वापरत नाही. माझ्या यजमानांनी आणि दोन्ही मेहुण्यांनी २०१८ मध्ये अण्णांना आधीच कळवले होते की तांब्याच्या ताटलीत तेहतीस अनारसे आणि एक दिवा, याच्या पलीकडे काही घेणार नाही. अण्णांना आधी ते बरे वाटले नाही. देणाऱ्याचाही मान असतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी तिघांच्या हातावर नारळासोबत एक एक कापडी पिशवी ठेवली, त्यात शेतातली तूरडाळ होती. ती तिघांनी घेतली.

यंदा अण्णा नाहीत. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. पंगतीत दोन नव्या सुना आणि एक सात महिन्यांचे बाळ असेल, आणि धाकट्या बहिणीची मोठी मुलगी बारावी झाली म्हणून ती पहिल्यांदाच तळणाला बसणार आहे. घरावर आता अर्ध्या भागात स्लॅब आहे. माळवद आहे तेवढ्यावर सगळे मावणार नाहीत, तेव्हा मुलांनी मातीचा भाग आधीच मागून घेतला आहे. चूल अंगणात कडुलिंबाखाली मांडायची आणि तळण दोन पहाटे विभागून करायचे, असे वहिनीने ठरवले आहे, आणि पुरुषांची पुरणाची पाळी तिने कागदावर लिहून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली आहे. पुरुषोत्तमपुरीला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी मुकुंदराज आधी, पहाटेच्या अंधारात.

गेल्या आठवड्यात भावाने एक फोटो पाठवला. अण्णांनी मोरीच्या पाण्यावर जगवलेले रोप आता घराच्या मागे चांगले दोन पुरुष उंच झाले आहे आणि त्याला यंदा पहिल्यांदा फळ धरले आहे. वादळवाऱ्यात काही कैऱ्या पडल्या, अकरा राहिल्या आहेत. कोयीचे झाड मूळ झाडावर जाईलच असे नाही; रस आंबटही निघू शकतो, शेपेचा वास येईलच असे नाही. भाऊ म्हणत होता की एक कैरी फोडून वास घेऊन पाहतो. आईने त्याला हात लावू दिला नाही. सगळे आल्यावर आढी उघडायची, असे तिने सांगितले आहे, आणि गव्हाच्या काडाचा एक भारा तिने आतापासूनच कोपऱ्यात आणून ठेवला आहे.